लीगल रिसर्च: आधी तारीख, मग कलम, निवाडा त्यानंतर

प्रश्न थोडक्यात असा: गोव्यात एलएलबीच्या दुसऱ्या वर्षाला मेमो (दिलेल्या प्रकरणात कायदा काय सांगतो याचं टिपण) लिहायला दिला आहे. डेटाबेसवर शब्द टाकले की शेकडो निवाडे येतात. त्यातले पंधरावीस जोडून मेमो दिला, तर 'अ‍ॅनालिसिस कुठे आहे?' असा शेरा मिळाला. घरी मराठी, चौथीपर्यंत शाळाही मराठी, त्यामुळे इंग्रजीत लिहिताना हात अडखळतो. सुरुवात कुठून करायची?

सुरुवात डेटाबेसपासून करू नका. लॅपटॉप मिटा, कोरा कागद घ्या आणि त्यावर तारखा लिहा. माणूस कधी वारला, लग्न कधी झालं, करार कधी झाला, ताबा कधीपासून आहे, गुन्हा कधी घडला, दावा कधी दाखल झाला. गोव्यात हे इतर राज्यांपेक्षा जास्त महत्त्वाचं, कारण इथे कायद्याचे थर एकावर एक बसलेले आहेत. 1961 च्या डिसेंबरात मुक्ती झाली, पण पोर्तुगीज कायदे त्या दिवशी संपले नाहीत. 1962 च्या गोवा, दमण आणि दीव प्रशासन कायद्याच्या कलम 5 ने ते चालू ठेवले. सक्षम विधिमंडळ ते बदलेपर्यंत किंवा रद्द करेपर्यंत. मग एकेक भारतीय कायदा लागू होत गेला आणि एकेक पोर्तुगीज तरतूद मागे पडत गेली. त्यामुळे 'या विषयावर कायदा काय?' हा प्रश्न अपुरा आहे. 'त्या तारखेला गोव्यात कोणता कायदा लागू होता?' असा विचारा.

वारसाहक्काचंच बघा. 1867 च्या पोर्तुगीज नागरी संहितेतल्या वारसाच्या तरतुदींची जागा गोवा सक्सेशन, स्पेशल नोटरीज अँड इन्व्हेंटरी प्रोसिडिंग अ‍ॅक्ट, 2012 ने घेतली. पण नावात 2012 असलं तरी हा कायदा अमलात आला 22 डिसेंबर 2016 रोजी. वडील 2014 साली वारले असतील, तर हक्क कोणत्या कायद्याने ठरतात याचं उत्तर शीर्षकातलं वर्ष बघून दिलं की चुकलंच. अमलात येण्याची तारीख अधिसूचनेत असते. ती राजपत्रात बघायची, गाइडमध्ये नाही. हक्क कोणत्या कायद्याने आणि पुढची प्रक्रिया कोणत्या कायद्याने, हे दोन प्रश्नही वेगवेगळे मांडायचे.

फौजदारीतही आता हेच झालंय. 1 जुलै 2024 पूर्वी घडलेल्या गुन्ह्याला भारतीय दंड संहिताच लागते, त्या दिवशी अमलात आलेली भारतीय न्याय संहिता नाही. प्रक्रियेसाठी मात्र नागरिक सुरक्षा संहितेच्या (फौजदारी प्रक्रियेचा नवा कायदा) कलम 531 मधली, जुन्या कारवाया टिकवून ठेवणारी 'सेव्हिंग्ज'ची भाषा शब्दशः वाचावी लागते: तपास, चौकशी, खटला, अपील त्या दिवशी प्रलंबित होतं का? मूट कोर्टात (विद्यार्थ्यांच्या सरावाच्या खटल्यात) जुन्या गुन्ह्याला नवं कलम लावून अर्धा तास युक्तिवाद करणारे संघ दरवर्षी दिसतात. न्यायाधीशाचा पहिलाच प्रश्न 'घटना कधीची?' असा येतो आणि तिथेच सगळं कोसळतं.

तारखा झाल्या की कायद्याचा मूळ मजकूर उघडा. इंडिया कोडवर केंद्राचे आणि राज्याचे कायदे मिळतात, पण राज्याच्या दुरुस्त्या तिथे उशिरा चढतात. म्हणून गोवा सरकारच्या छापखान्याच्या संकेतस्थळावर राजपत्राची पहिली सिरीज बघायची. अधिनियम आणि नियम त्यात येतात. कूळ कायद्याचे खटले 2014 च्या दुरुस्तीने मामलेदाराकडून (तालुक्याच्या महसूल अधिकाऱ्याकडून) दिवाणी न्यायालयाकडे गेले आणि पुढे परत मामलेदाराकडे आले. मधल्या काळात छापलेलं पुस्तक हाती धरून कुणी आज अधिकारक्षेत्राचा मुद्दा लिहिला, तर तो पानभर चुकीचं लिहील, तेही आत्मविश्वासाने.

शोधताना नावाचाही घोळ होतो. गोवा घटकराज्य 1987 साली झालं, त्यामुळे त्याआधीच्या बऱ्याच कायद्यांचं शीर्षक 'गोवा, दमण आणि दीव' असं सुरू होतं: 1964 चा कूळ कायदा, 1975 चा मुंडकार कायदा (भाटकाराच्या, म्हणजे जमीनमालकाच्या, जमिनीवर घर करून राहणाऱ्यांना संरक्षण देणारा). नुसतं 'गोवा मुंडकार अ‍ॅक्ट' हे अवतरणचिन्हात टाकून शोधलं, तर निम्मे निवाडे जाळ्यातून निसटतात. कोमुनिदादचं (गावाच्या सामाईक जमिनी सांभाळणाऱ्या जुन्या संस्थेचं) इंग्रजी स्पेलिंग निवाड्यांत एका एमने आणि दोन एमने असं दोन्ही प्रकारे सापडतं, दोन्ही टाका. इन्व्हेंटरीला (मयताची मालमत्ता वारसांत वाटण्याच्या कारवाईला) जुन्या निवाड्यांत 'इन्व्हेंतारियो' म्हटलेलं असतं, नवराबायकोच्या सामाईक मालमत्तेतल्या अर्ध्या वाट्याला कुठे 'मॉइटी', कुठे नुसतं 'हाफ शेअर'. इंडियन कानूनवर जोडशब्द वापरताना इंग्रजी अँड, ऑर, नॉट यांचं शेवटचं अक्षर दोनदा टाइप करावं लागतं, नाहीतर ते साधे शब्द म्हणून धरले जातात. एवढी बारीक गोष्ट माहीत नसल्यामुळे पोरं म्हणतात, 'सर्च चालत नाही.'

कलम वाचायची एक पद्धत आहे आणि ती कंटाळवाणी आहे. आधी व्याख्या, मग मूळ कलम, मग परंतुक, मग स्पष्टीकरण, मग 'नॉटविथस्टँडिंग' आणि 'सब्जेक्ट टू' ने सुरू होणारे तुकडे. 'नॉटविथस्टँडिंग' असेल तर हे कलम दुसऱ्यावर मात करतं. 'सब्जेक्ट टू' असेल तर दुसरं कलम यावर मात करतं. 'शाल' आणि 'मे', 'अँड' आणि 'ऑर' यांखाली पेन्सिलीने रेघ मारा. व्याख्येचे तुकडे पाडून एकाखाली एक लिहा आणि प्रत्येक तुकड्यासमोर तुमच्याकडची वस्तुस्थिती लिहा. जिथे समोरची जागा रिकामी राहते किंवा दोन्ही बाजूंनी काही लिहिता येतं, तिथेच तुमचा मुद्दा आहे. शोध फक्त त्या जागेसाठी घ्यायचा. बाकीच्या तुकड्यांवर निवाडे गोळा करणं म्हणजे वेळ घालवणं.

आता निवाडे. गोव्यातल्या दिवाणी न्यायालयाला काय बंधनकारक? सर्वोच्च न्यायालय, अनुच्छेद 141 खाली. मग मुंबई उच्च न्यायालय. त्याचं गोव्यातलं खंडपीठ आता पर्वरीला बसतं. मुंबई, नागपूर, औरंगाबाद इथून दिलेले निवाडेही त्याच उच्च न्यायालयाचे, त्यामुळे तेही लागू. केरळ किंवा कर्नाटक उच्च न्यायालयाचा निवाडा फक्त पटवून देण्यापुरता. 1982 साली हे खंडपीठ सुरू होण्याआधी इथे ज्युडिशियल कमिशनरचं न्यायालय होतं. जुन्या पोर्तुगीज तरतुदींवर त्याचे निवाडे उपयोगी पडतात, पण ते उच्च न्यायालयाच्या पंक्तीला बसवून लिहू नका. एकाच न्यायालयाचे दोन निवाडे भिडत असतील, तर आधी खंडपीठात किती न्यायाधीश होते ते बघा आणि मग वर्ष. नवा म्हणून मोठा, असं नसतं.

निवाडा आजही उभा आहे का हे तपासणं ही पायरी सगळ्यात जास्त वगळली जाते, म्हणून गोव्याचंच उदाहरण जरा जवळून बघा. मुदतीच्या कायद्याबद्दल (दावा किती वर्षांत दाखल करायचा ते सांगणारा) सर्वोच्च न्यायालयाने 1979 साली जुस्तिनियानो बार्रेतो खटल्यात म्हटलं की पोर्तुगीज नागरी संहितेतल्या मुदतीच्या तरतुदी हा लिमिटेशन अ‍ॅक्टच्या कलम 29(2) मधला 'स्थानिक कायदा' आहे, म्हणजे गोव्यात त्या टिकून आहेत. संहितेच्या कलम 535 मध्ये मुदत वीस वर्षांची, काही परिस्थितीत तीस. भारतीय कायद्यात साध्या कर्जाच्या वसुलीला तीन. फरक केवढा, बघा! हा निवाडा वाचून थांबणारा विद्यार्थी आजही लिहील की दहा वर्षांपूर्वीची उसनवारी गोव्यात वसूल करता येते. पण 2001 साली सिंडिकेट बँक विरुद्ध प्रभा नाईक, (2001) 4 एससीसी 713 (एससीसी म्हणजे 'सुप्रीम कोर्ट केसेस' हा निवाडासंग्रह), मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती भूमिका मोडीत काढली आणि 1963 चा लिमिटेशन अ‍ॅक्टच लागू होतो असं ठरवलं. 1979 चा निवाडा डेटाबेसवर अजून पहिल्या पानावर येतो. त्याच्या छापील मजकुरात कुठेही 'रद्द' असं लिहिलेलं नाही, लिहिणार कोण? म्हणून प्रत्येक महत्त्वाच्या निवाड्यासाठी 'हा निवाडा पुढे कुणी उद्धृत केला' ही यादी उघडायची आणि त्यातले वरच्या न्यायालयाचे, मोठ्या खंडपीठाचे आणि सगळ्यात अलीकडचे वाचायचे. पंधरा मिनिटांचं काम असतं.

सशुल्क डेटाबेस नसेल तरी अडत नाही. सर्वोच्च न्यायालयाचे रिपोर्ट ई-एससीआरवर फुकट आहेत, उच्च न्यायालयाचे निवाडे ई-कोर्ट्सच्या निवाडा-शोधावर मिळतात. सर्वोच्च न्यायालयाच्या काही निवाड्यांची मराठी भाषांतरंही तिथे असतात. समजून घ्यायला ती जरूर वाचा, उद्धृत मात्र इंग्रजी मूळच करा.

निवाडा कसा वाचायचा यावर पुस्तकं भरलीत. मी दोनच गोष्टी सांगेन. पहिली, हेडनोट (निवाड्याच्या वर छापलेला सारांश) संपादकाने लिहिलेली असते, न्यायाधीशाने नाही. तिचा उपयोग परिच्छेद शोधण्यापुरता. दुसरी, रेशो (निकाल ज्यावर उभा आहे तो नियम) आणि ओबिटर (जाता जाता केलेलं भाष्य) वेगळे काढल्याशिवाय एक ओळही उद्धृत करू नका.

जोसे पाउलो कुतिन्यो विरुद्ध मारिया लुईझा व्हॅलेंतिना परैरा हा 2019 चा सर्वोच्च न्यायालयाचा निवाडा गोव्यातल्या प्रत्येक विद्यार्थ्याच्या मेमोत असतो, आणि बहुतेक वेळा चुकीच्या कामाला जुंपलेला. त्यातला प्रश्न अरुंद होता: गोव्याचा अधिवासी असलेल्या माणसाची मुंबईतली स्थावर मालमत्ता पोर्तुगीज नागरी संहितेने वारसांकडे जाते की 1925 च्या इंडियन सक्सेशन अ‍ॅक्टने? न्यायालयाने सांगितलं, संहिता 1962 च्या कायद्याने स्वीकारली गेल्यामुळे ती आता भारतीय कायदाच आहे आणि गोव्याच्या अधिवाशाच्या भारतातल्या गोव्याबाहेरच्या मालमत्तेलाही तीच लागते. हा रेशो. त्याच निवाड्यात अनुच्छेद 44 आणि समान नागरी कायद्याबद्दल गोव्याचं कौतुक करणारे परिच्छेद आहेत. वर्तमानपत्रांनी तेच उचलले आणि विद्यार्थीही 'सर्वोच्च न्यायालयाने असे ठरवले की' म्हणून तेच लिहितात. त्या खटल्याचा निकाल लावायला त्या परिच्छेदांची गरज होती का? नव्हती. ते काढून टाकले तरी निकाल तोच राहतो. म्हणून ते ओबिटर. रेशो ओळखायची याहून सोपी चाचणी मला माहीत नाही.

आता त्याच निवाड्याला थोडं ताणून बघा. मयताचा फ्लॅट मुंबईऐवजी लंडनला असता तर? हल्ली गोव्यात हा काल्पनिक प्रश्न राहिलेला नाही. त्या खटल्यात परदेशातल्या मालमत्तेचा प्रश्न नव्हता, त्यामुळे निवाडा तिथे आपोआप पोचत नाही. वेगळा युक्तिवाद उभारावा लागेल. मयताचा अधिवासच गोव्याचा होता की नव्हता यावर वाद असेल तर? मग निवाडा लागू होण्याआधी एक तथ्य सिद्ध करावं लागेल. अ‍ॅनालिसिस मागतात ते हे. पद्म सुंदर राव खटल्यात (2002) सर्वोच्च न्यायालयाने बजावलंय की एखादं जादा किंवा वेगळं तथ्य दोन खटल्यांच्या निष्कर्षांत मोठा फरक पाडू शकतं, म्हणून निवाड्यातले शब्द कायद्याच्या कलमासारखे वाचू नयेत.

लेखनाकडे येऊ. एक सरावाचा प्रश्न घ्या. बार्देश तालुक्यातल्या एका भाटात (बागायती जमिनीत) एक मातीचं घर आहे. भाटकार मुंबईत. कुटुंब 1970 पासून तिथे राहतं. घरपट्टी पंचायतीत त्यांच्या नावावर, घर क्रमांक स्वतंत्र. आई पूर्वी भाटकाराच्या मोठ्या घराची झाडलोट करायची आणि महिन्याला काही रक्कम घ्यायची. एक-चौदाच्या उताऱ्यात (गोव्यातला सातबारासारखा जमिनीचा उतारा) कब्जेदार म्हणून भाटकाराचं नाव आहे. कुटुंब मुंडकार ठरतं का?

विद्यार्थी सहसा असं लिहितो: 'मुंडकार कायदा हा कल्याणकारी कायदा आहे. त्याचा अर्थ उदारपणे लावावा असे माननीय न्यायालयांनी अनेक निवाड्यांत म्हटले आहे. अर्जदार 1970 पासून राहत आहेत. म्हणून ते मुंडकार आहेत.' यात खोटं काही नाही. पण नियम आणि निष्कर्ष यांच्या मध्ये जे हवं ते गायब आहे. व्याख्येतून कोण वगळलेत हे वाचलेलंच नाही.

हाच परिच्छेद असा हवा: 'कुटुंब मुंडकार ठरण्याची शक्यता अधिक आहे, धोका वगळणुकीच्या दोन कलमांचा आहे. व्याख्येनुसार भाटकाराच्या संमतीने, कायदेशीरपणे, राहत्या घरात स्थिर वास्तव्य हवे. 1970 पासूनचा अखंड वास आणि भाटकाराने कधीही हरकत न घेणे यावरून संमती अनुमानता येते. मात्र मालकाच्या आउटहाऊसमध्ये किंवा घराच्या आवारात राहणारा पगारी घरगडी, आणि घराची देखभाल करण्यासाठी राहणारा राखणदार, हे दोघे व्याख्येबाहेर आहेत. भाटकार आईला मिळणाऱ्या रकमेवर बोट ठेवेल. त्यास उत्तर असे की वगळणुकीसाठी नुसते वेतन पुरत नाही, वास्तव्य मालकाच्या आवारात हवे; हे घर भाटात वेगळे उभे आहे आणि त्याला स्वतंत्र क्रमांक आहे. दोन घरांमध्ये कुंपण किंवा वाट आहे का, हे उपलब्ध माहितीत नाही. सर्व्हे नकाशा आणि जागेची पाहणी आवश्यक. एक-चौदाच्या उताऱ्यातली नोंद लँड रेव्हेन्यू कोडच्या कलम 105 खाली खरी धरली जाते, पण विरुद्ध पुरावा येईपर्यंतच. शिवाय जमीन भाटकाराच्या नावावर असणे हे मुंडकाराच्या दाव्याशी विसंगत नाही.'

फरक कुठे पडला ते बघा. उत्तर पहिल्याच वाक्यात आहे. विरोधी बाजूचा सगळ्यात चांगला मुद्दा स्वतःच मांडलाय. न कळलेलं तथ्य लपवलेलं नाही. ते कसं मिळवायचं तेही सांगितलंय. आणि निवाडा एकही नाही! निवाडा यानंतर आणायचा, नेमका 'आवार' आणि 'वेतन' यांवरचा, एक किंवा दोन. दहा निवाडे एकच गोष्ट म्हणत असतील, तर वरच्या न्यायालयाचा एक आणि तथ्यं जुळणारा एक, बस्स. या प्रकरणात अर्ज मामलेदाराकडे करायचा की दिवाणी न्यायालयात जायचं, हा स्वतंत्र मुद्दा. तो मेमोत आधी घ्या, कारण तिथे चुकलं तर पुढचं सगळं वाया.

मेमोचा साचा तुम्हाला शिकवलाच असेल: तथ्यं, प्रश्न, थोडक्यात उत्तर, विश्लेषण, निष्कर्ष. दोन हजार शब्दांच्या मेमोत तथ्यांना तीनशेपेक्षा जास्त देऊ नका आणि विश्लेषणाला बाराशेच्या खाली जाऊ नका. प्रश्न लिहिताना कायदा, मुद्दा आणि निर्णायक तथ्य हे तिन्ही एका वाक्यात यावेत. 'अर्जदार मुंडकार आहे का?' हा अर्धा प्रश्न झाला. 'भाटात स्वतंत्र घरात राहणारी पण भाटकाराकडून झाडलोटीचे पैसे घेणारी व्यक्ती 1975 च्या कायद्याखाली मुंडकार ठरते का?' हा पूर्ण.

मेमो आणि दाव्याची फिर्याद (दिवाणी दाव्याचं वादपत्र, 'प्लेंट') यांत गल्लत करू नका. फिर्यादीत कायद्याचं प्रवचन नको आणि पुरावाही नको. सीपीसीच्या (दिवाणी प्रक्रिया संहितेच्या) ऑर्डर 6 नियम 2 प्रमाणे फक्त महत्त्वाची तथ्यं, क्रमांक घातलेल्या परिच्छेदांत. एका परिच्छेदात एकच तथ्य ठेवा. त्याचं कारण ऑर्डर 8 नियम 5 मध्ये आहे: प्रतिवादीने जे स्पष्ट नाकारलं नाही ते कबूल धरता येतं. चार तथ्यं एका परिच्छेदात कोंबली, तर 'परिच्छेद 7 मधील मजकूर नाकबूल' असं एकाच वाक्यात सगळं उडवायची सोय तुम्हीच करून देता. फसवणुकीचा आरोप असेल तर ऑर्डर 6 नियम 4 खाली तपशील आणि तारखा हव्यात. स्थावर मालमत्ता असेल तर ऑर्डर 7 नियम 3 प्रमाणे चतुःसीमा किंवा सर्व्हे क्रमांक. गोव्यात जुन्या मालमत्तेला पोर्तुगीज काळातला जमीन नोंदणीचा दिश्क्रिप्सांव क्रमांक असतो, आणि तो आताच्या सर्व्हे क्रमांकाशी नेमका जुळतोच असं नाही. दोन्ही लिहा, आणि जुळणी कशावरून केली तेही.

इंग्रजीची भीती थोडी अनाठायी आहे. गोव्यात न्यायालयाचं काम इंग्रजीत चालतं हे खरं, पण न्यायाधीशाला अलंकारिक इंग्रजी नकोच असतं. 'हिअरइनबिफोर', 'द सेम', 'सेड प्रॉपर्टी' हे कमी करा. कर्ता, क्रियापद, कर्म. वाक्य पंचवीस शब्दांच्या आत. युक्तिवादाचा सांगाडा आधी मराठीत लिहून काढला तर चालेल, उलट बरं: प्रत्येक परिच्छेदाचं एक वाक्य, एकाखाली एक. ती वाक्यं सलग वाचून मुद्दा पुढे सरकत असेल तरच इंग्रजीत उतरवा. सांगाडाच लंगडा असेल तर भाषा सुधारून काही होत नाही. मात्र मराठी वाक्याचं शब्दशः इंग्रजी करू नका; मराठीत क्रियापद शेवटी येतं, त्यामुळे भाषांतरात कर्ता आणि क्रियापद यांच्यात चार ओळींचं अंतर पडतं आणि वाचणारा मध्येच हरवतो.

एआयकडून मसुदा घेणारे आता बरेच आहेत. सांगाडा तपासायला, वाक्य छोटं करायला वापरा. निवाड्याचं नाव त्याच्याकडून घेतलंत तर मूळ प्रत उघडून परिच्छेद क्रमांकासह जुळवल्याशिवाय एक अक्षरही ठेवू नका. न्यूयॉर्कमध्ये 2023 साली माता विरुद्ध आव्हियांका खटल्यात वकिलांनी चॅटजीपीटीने रचलेले, अस्तित्वातच नसलेले निवाडे न्यायालयात दिले आणि पाच हजार डॉलरचा दंड झाला.

मेमो देण्याआधी एक तास राखून ठेवा आणि त्यात नवीन काही लिहू नका. प्रत्येक उद्धरणासाठी पाच गोष्टी ताडायच्या: पक्षांची नावं, वर्ष, खंड, पान, आणि ज्या परिच्छेदातून ओळ घेतली त्याचा क्रमांक. ती ओळ न्यायालयाची स्वतःची आहे की वकिलाचा युक्तिवाद सांगताना आलेली, हेही तिथल्या तिथे बघा; निवाड्याच्या पहिल्या तृतीयांशातून उचललेली ओळ पुष्कळदा हरलेल्या पक्षाची असते. 2023 पासूनच्या निवाड्यांना न्यायालयाने दिलेला तटस्थ उद्धरण क्रमांक असतो, तो एससीसी किंवा एआयआर (ऑल इंडिया रिपोर्टर) या संग्रहांच्या उद्धरणाआधी लिहा. पोर्तुगीज संहितेचं कलम उद्धृत करत असाल तर कोणतं इंग्रजी भाषांतर वापरलं ते नमूद करा. जुन्या निवाड्यांतलं भाषांतर आणि सरकारने प्रसिद्ध केलेलं भाषांतर यांत शब्दांचा फरक सापडतो, आणि समोरचा वकील त्या एका शब्दावर तुम्हाला अडवू शकतो.